सुसरबाई, तुझी वाळू मऊ

गरजेपोटी एखाद्या दांडग्याची खुशामत करावी लागली की आपण म्हणतो, ‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’. प्रत्यक्षात सुसरीची पाठ हाडांच्या खवल्यांनी मढवलेली असते. तिला मऊ लागते ती वाळू, आणि सध्या भांडण त्याच वाळूवरून आहे.

बोलताना आपण मगर आणि सुसर एकच करून टाकतो. महाराष्ट्रातल्या नद्यांत दिसते ती मगर. सुसर म्हणजे लांब, चिमट्यासारख्या जबड्याची, मासे खाऊन जगणारी. नराच्या नाकपुड्यांवर मडक्यासारखा गोळा येतो, त्यावरून हिंदीत ती ‘घडियाल’. १९७० च्या दशकात भारतातल्या नद्यांत ती जेमतेम शेदोनशे उरली होती. मग १९७५ मध्ये संवर्धन प्रकल्प आला, १९७९ मध्ये राष्ट्रीय चंबळ अभयारण्य. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातून जाणाऱ्या याच चंबळ नदीत आज जगातल्या बहुतेक सुसरी आहेत.

याच काठांवरच्या वाळूवर बांधकामवाल्यांचा डोळा असतो. अभयारण्यात उपशाला बंदी आहे, तरी ट्रॅक्टर रात्री निघतात. काही पट्टे अभयारण्यातून वगळून तिथे रीतसर उपसा करू द्या, अशी मागणीही अधूनमधून पुढे येते. बेकायदा खाणकामाचा दरारा किती, तर मार्च २०१२ मध्ये मुरैना जिल्ह्यात दगडाने भरलेला ट्रॅक्टर अडवायला गेलेला एक तरुण पोलीस अधिकारी त्याच ट्रॅक्टरखाली मारला गेला.

पण सुसरीला वाळू नेमकी कशाला लागते?

मार्चअखेरीस किंवा एप्रिलमध्ये रात्री मादी काठावर चढते. तिला हवा असतो उंच, पण चढता येईल असा उतार. वर कोरडा, हातभर खाली ओलसर. आधी चारदोन ठिकाणी उकरून बघते, मनासारखं जमलं की सुमारे अर्धा मीटर खोल खड्ड्यात तीस ते पन्नास अंडी घालते. एकेक अंडं दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे कोंबडीची तीन अंडी एकत्र केल्यासारखं. पुढचे दोन-सव्वादोन महिने ती वाळूच उबवणी यंत्र. अंडी कवचातून श्वास घेतात, म्हणून वाळूतून हवा खेळायला हवी आणि ओलही टिकायला हवी. पिल्लू नर होणार की मादी, हेसुद्धा घरट्यातलं तापमान ठरवतं. मेअखेर-जूनमध्ये अंड्यांच्या आतूनच पिल्लं ओरडू लागतात. तो आवाज ऐकून आई वाळू उकरते. हे सगळं पुराआधी उरकावं लागतं.

आता तिचे पाय बघा. पाण्यात ती चपळ, पण मोठी सुसर जमिनीवर अंग उचलून चालू शकत नाही. पोटावर स्वतःला ढकलत नेते. जेसीबीने काठ उभा कापला, तर तो तिच्यासाठी भिंत होतो. मगर वेळ पडली तर दुसरं तळं गाठते. सुसरीला नदी सोडून जाताच येत नाही.

म्हणूनच ‘विणीच्या हंगामात उपसा बंद ठेवू’ हे उपसा मागणाऱ्यांचं आश्वासन मला फसवं वाटतं. डिसेंबरात नेलेला उतार एप्रिलमध्ये परत येत नाही. पूर येईल आणि खड्डा भरेल, हे ठेकेदारांचं लाडकं उत्तर. चंबळवर गांधी सागर, राणा प्रताप सागर, जवाहर सागर आणि कोटा बॅरेज अशी ओळच आहे. वरचा गाळ तिथेच अडतो. खाली नवी वाळू येते ती मुख्यतः उपनद्यांतून. त्या उपनद्यांतही उपसा होतोच. केंद्राची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की तीन मीटर किंवा पाण्याची पातळी, जे आधी लागेल तिथे थांबा. नदीच्या तळासाठी हे ठीक. सुसर मात्र पाण्याच्या पातळीच्या बरीच वर अंडी घालते, म्हणजे नियम पाळूनही तिचं घरटं ट्रॉलीत जाऊ शकतं.

वाळूची बेटंही तशीच. पाणचिरा हा नारिंगी चोचीचा पक्षी उघड्या वाळूत नुसती खळी करून अंडी घालतो. आजूबाजूचं पाणी हाच त्याचा पहारेकरी. पाणी घटलं किंवा ट्रॅक्टरसाठी भराव टाकून वाट केली, की बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री-कोल्ही चालत पोचतात.

त्यामुळे पट्टा मंजूर करायचा की नाही हे एकरात आणि ब्रासमध्ये ठरवून भागत नाही. कोणत्या काठावर वर्षानुवर्षं घरटी होतात, हा नकाशा आधी लागतो, कारण माद्या बहुधा त्याच त्या काठांवर येतात. ते काठ अख्खे सोडायचे, त्यांच्याकडे जाणारी वाटसुद्धा. आणि पाहणी थंडीत करून उपयोग नाही. तेव्हा काठावर नुसती वाळू दिसते. जावं जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. उकरलेल्या खड्ड्यांभोवती अंड्यांची कवचं पडलेली असतात, पहिल्या पुरात ती वाहून जाईपर्यंत.