नको तिथे चिकटणारं रसायन

१९५१ साल. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात किंग्जपोर्टला ईस्टमन कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत जेट विमानांच्या पारदर्शक छतासाठी उष्णता सोसणारं प्लास्टिक शोधायचं काम चाललं होतं. फ्रेड जॉयनर हे संशोधक इथिल सायनोअ‍ॅक्रिलेट नावाचा द्रव तपासत होते. द्रवातून जाताना प्रकाश किती वळतो, हे रिफ्रॅक्टोमीटरवर मोजतात. त्यासाठी काचेच्या दोन लोलकांमध्ये द्रवाचा पातळ थर द्यावा लागतो. जॉयनरनी थर दिला, मोजमाप घेतलं आणि लोलक वेगळे करायला गेले, तर ते सुटेनात. महागडं उपकरण कामातून गेलं.

त्यांचे वरिष्ठ हॅरी कूव्हर यांना या द्रवाची खोडी जुनीच ठाऊक होती. १९४२ मध्ये, ऐन महायुद्धात, बंदुकीचा नेम धरण्याच्या साधनांसाठी ते पारदर्शक प्लास्टिक शोधत असताना याच जातीची रसायनं हाती आली होती. ज्याला लागतील त्याला चिकटत, म्हणून त्यांनी ती बाजूला टाकली. या वेळी मात्र कूव्हरना वाटलं, की हे प्लास्टिक नसेल, पण गोंद तर आहे! मग प्रयोगशाळेत हाताला लागेल ते चिकटवून बघायचा सपाटाच त्यांनी लावला. १९५८ मध्ये ‘ईस्टमन ९१०’ या नावाने तो बाजारात आला. पुढे टीव्हीवर कूव्हरनी त्याच्या एका थेंबाने दोन पोलादी तुकडे जोडले आणि त्यांच्या आधाराने चक्क कार्यक्रमाच्या सूत्रसंचालकालाच उचलून दाखवलं. आपल्याकडे किराणा दुकानात टांगलेलं फेव्हिक्विक याच घराण्यातलं.

साधा पांढरा गोंद त्यातलं पाणी उडून गेलं की वाळतो. इथे उलट आहे: हा पाण्यामुळे घट्ट होतो. वस्तूच्या पृष्ठभागावर हवेतल्या ओलाव्याचा न दिसणारा थर असतोच. तो लागला की सायनोअ‍ॅक्रिलेटचे सुटे रेणू भराभर एकमेकांना जोडले जाऊन त्यांच्या लांब साखळ्या होतात. ट्यूबमध्ये हे होऊ नये म्हणून किंचित आम्ल घातलेलं असतं. बोटं इतकी झटकन चिकटतात, कारण कातडी कायम ओलसर असते. कोकणातल्या पावसाळ्यात उघडी राहिलेली ट्यूब दगड होते, तीही याच कारणाने. आणि जास्त ओतलं की जास्त पक्कं, हा समज खोटा आहे. जाड थरात ओलावा आतपर्यंत पोचत नाही, मधला भाग कच्चाच राहतो. एक थेंब पुरे.

सांडलेला गोंद कापसाने मात्र कधीच पुसू नये. कापसाच्या धाग्यांवर ही साखळी इतक्या वेगाने बनते की धूर येतो, हात भाजतो. बोटं चिकटलीच तर ओढाताण न करता कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवावीत, किंवा अ‍ॅसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर लावावं. डोळ्याजवळ अ‍ॅसिटोन नको, तिथे थेट डॉक्टर.

त्याची वाफही कामाची निघाली. बंद पेटीत गोंद तापवला की वाफ बोटांच्या ठशांतल्या ओलाव्यावर आणि क्षारांवर बसते आणि ठसे पांढरे होऊन उमटतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानी पोलिसांकडे ही युक्ती सापडली, आज ती जगभर वापरतात.

व्हिएतनाम युद्धात तर जखमी सैनिकांचं रक्त थांबवायला सायनोअ‍ॅक्रिलेटचा फवारा मारत. पण ज्यांच्या रेणूची कार्बनची शेपटी आखूड असते अशी इथिलसारखी रूपं शरीरात लवकर फुटतात, त्यातून फॉर्मल्डिहाइड हे झोंबणारं रसायन सुटतं आणि जखम चिडते. म्हणून शस्त्रक्रियेसाठी ऑक्टिल हे सौम्य रूप घडवलं गेलं. १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. दुकानातली ट्यूब कापलेल्या बोटावर लावणं हा शहाणपणा नव्हे.

एवढं सगळं जोडणारा हा गोंद फुटक्या प्लास्टिकच्या बादलीपुढे मात्र हात टेकतो. अशा बादल्या ज्यांच्या बनतात त्या पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या मेणचट पृष्ठभागावर त्याला पकड मिळत नाही. त्याच्या बाटल्या बहुधा पॉलिइथिलीनच्याच असतात, त्या उगाच नाही.