हार्ट फेल्युअरच्या नव्या औषधाची चाचणी: अंगठा उठवण्याआधी

पेशंट दम लागून ॲडमिट झालेला, पायावर बोट दाबलं की खड्डा पडतो, आडवं झोपवत नाही म्हणून पाठीशी तीन उशा. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय असो की लातूर-नांदेडचं हॉस्पिटल, अशा घाईतच डॉक्टर नव्या औषधाच्या चाचणीबद्दल विचारतात. नाही म्हटलं तरी नेहमीचे उपचार थांबत नाहीत, हे आधी पक्कं लक्षात ठेवा.

यासाठी आपण अर्ज करायचा नसतो. कोण बसतं, हे तपासण्यांवर ठरतं: रक्तातलं प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी तपासणी), इकोवरचं (हृदयाच्या सोनोग्राफीवरचं) पंपिंग, बीपी, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), पोटॅशियम. गरोदर बायकांना सहसा घेत नाहीत. सोबत ओळखपत्र, जुने इको आणि डिस्चार्ज कार्ड ठेवा. गोळ्यांची नावं आठवत नसतील तर रिकामी पाकिटंच पिशवीत घालून आणा. डॉक्टरांना त्यांचा फार उपयोग होतो.

आता संमतीपत्र. औषध चाचण्यांच्या 2019 च्या नियमांनुसार माहितीपत्रक पेशंटला समजेल अशा भाषेत हवं. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर सगळं वाचून दाखवतात, मगच अंगठा. फॉर्मात वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचा रकाना असतो. शेतीचं उत्पन्न काय लिहावं म्हणून बरेच जण तो कोराच सोडतात. तसं करू नका, ते रकाने नुकसानभरपाईसाठीच आहेत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईही मिळते. मृत्यू झाला तर ती नॉमिनीला.

नवं औषध मिळेलच असं नाही. चिठ्ठी निघावी तसं ठरतं, काहींना प्लासिबो, म्हणजे औषधासारखंच दिसणारं पण औषध नसलेलं, येतो. नेहमीची औषधं मात्र दोघांनाही चालू राहतात. हा अन्याय वाटतो, पण सेरेलॅक्सिन या हार्ट फेल्युअरवरच्या औषधाचं उदाहरण बघा. पहिल्या मोठ्या चाचणीत त्याने आशा दाखवली, पुढे साडेसहा हजारांवर पेशंटच्या चाचणीत मृत्यू कमी झालेच नाहीत. तुलना केली म्हणूनच ते कळलं.

सहीआधी सीटीआरआय (चाचण्यांची सरकारी नोंदवही) क्रमांक विचारा. 15 जून 2009 पासून ही नोंदणी सक्तीची आहे. पेशंटचे हक्क जपणाऱ्या एथिक्स कमिटीचा फोन नंबरही घ्या. केव्हाही, कारण न सांगता बाहेर पडता येतं.

सही झालेली प्रत आणि माहितीपत्रक मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. घरी गेल्यावर दम वाढून गावाजवळच्या दवाखान्यात भरती करावं लागलं, तर तीच प्रत तिथल्या डॉक्टरांना दाखवा आणि चाचणीच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. असं घडल्यापासून 24 तासांत त्यांना ते वर कळवावं लागतं.