सलग वेळ नसलेल्यांचा अभ्यास

नोकरी, घर आणि मुलांच्या वेळा सांभाळून पदवीचा अभ्यास करणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याची तक्रार बहुधा एकच असते, ती म्हणजे सलग वेळ मिळत नाही. वयाने लहान असलेले वर्गमित्र ग्रंथालयात चार-चार तास बसतात आणि आपल्या वाट्याला सकाळचा पाऊण तास व रात्रीचा अर्धा तास येतो, तेव्हा आपण मागे पडणारच, हे त्याने मनोमन गृहीत धरलेले असते. स्मृतीविषयीचे संशोधन पाहिले, तर हे गृहीतक पुष्कळसे चुकीचे ठरते.

ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे विशेष उपयोगी आहे, कारण त्यातले शिकाऊ लोक महाविद्यालयीन तरुण नव्हते, तर टपाल खात्यातील नोकरदार होते. त्यांना टंकलेखन शिकायचे होते. एका गटाला रोज एकच तास शिकवले गेले, दुसऱ्या टोकाच्या गटाला दोन-दोन तासांची दोन सत्रे म्हणजे रोज चार तास, आणि उरलेले दोन गट यांच्या मधले होते. कळफलक आत्मसात करण्यासाठी रोज एक तास शिकणाऱ्यांना एकूण सुमारे ३५ तास लागले, तर रोज चार तास शिकणाऱ्यांना सुमारे ५०. दिवस मोजले तर पहिल्या गटाला अर्थातच अधिक लागले, परंतु ज्याच्याकडे तासच मोजके आहेत, त्याच्यासाठी महत्त्वाचा हिशोब तासांचा आहे. गंमत अशी, की प्रशिक्षणाबद्दल सर्वांत कमी समाधानी होता तो हाच एक तासवाला गट.

असाच परिणाम पाठांतरातही दिसतो. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली, स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून, असे नोंदवले होते की निरर्थक अक्षरांची यादी एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जेवढा परिणाम साधतो, तेवढाच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांतून साधता येतो. मध्ये गेलेल्या वेळेत थोडे विसरायला होते, मग तेच पुन्हा आठवताना मेंदूला कष्ट पडतात आणि त्या कष्टांमुळेच स्मृती पक्की होते, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

मात्र त्या तुटक वेळेत केवळ पुन्हा वाचत राहिल्यास हा लाभ बराचसा हातचा जातो. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार सत्रांत वाचला, तर काहींनी तो एका सत्रात वाचून पुढच्या तीन सत्रांत न पाहता लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते (८३ टक्के विरुद्ध ७१). आठवड्याने चित्र उलटले आणि वाचणाऱ्यांना ४० टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के मजकूर सांगता आला. वाचणाऱ्यांना आपल्याला अधिक लक्षात राहील असा विश्वासही होता! म्हणजे वीस मिनिटे मिळाली, तर कालच्या प्रकरणातले जे आठवते ते कोऱ्या कागदावर लिहावे, मग पुस्तक उघडून राहिलेले मुद्दे वेगळ्या शाईने भरावेत आणि उद्या त्या वेगळ्या शाईच्या ओळींपासूनच सुरुवात करावी. हे काम वाचण्यापेक्षा त्रासाचे असते आणि केल्यावर आपल्याला काहीच येत नाही असे वाटते. ती भावना दुर्लक्षिण्याजोगी आहे.

स्वतःविषयीचा अंदाज याहून अधिक फसतो तो झोपेबाबत. हान्स व्हॅन डॉन्गन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवले की सलग दोन आठवडे रात्री सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची लक्ष देण्याची क्षमता एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी खालावते. सहभागी व्यक्तींना मात्र आपण थोडेच पेंगुळलो आहोत असे वाटत होते. दिवसा शिकलेले पक्के होण्यातही झोपेचा वाटा असतो, त्यामुळे रात्री जागून मिळवलेला तास दोन्हीकडून तोट्याचा ठरतो. माझ्या मते प्रौढ विद्यार्थ्याने वेळापत्रक आखताना आधी झोपेचे तास बाजूला काढावेत आणि मगच उरलेल्या वेळेची वाटणी करावी.

वयाचा मुद्दा थोडक्यात सांगता येईल. माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग विशीच्या आसपास सर्वाधिक असतो, हे खरे. परंतु शब्दसंग्रह आणि साठलेले ज्ञान त्यानंतरही अनेक दशके वाढत राहते, आणि नवी माहिती जुन्या ज्ञानाला जोडता आली की ती लवकर टिकते.

कार्यालयातले अर्धवट काम मनात घोळत असेल, तर पुस्तक उघडूनही लक्ष तिकडेच राहते. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांच्या २०११ सालच्या प्रयोगांनुसार ते काम नेमके केव्हा व कसे करणार, एवढे ठरवले तरी ही घालमेल बरीच कमी होते; त्यासाठी ते लगेच संपवावे लागत नाही.

तुटक वेळ सगळ्याच कामांना पुरत नाही, हेही मान्य करायला हवे. दीर्घ निबंधाची मांडणी, गणितातील लांबलचक सिद्धता किंवा प्रकल्पाचा अहवाल यांसाठी अनेक मुद्दे एकाच वेळी डोक्यात धरावे लागतात, आणि मध्येच उठल्यास ते पुन्हा गोळा करण्यातच अर्धा वेळ जातो. म्हणून सुटीच्या दिवशी मिळणारे दोन-तीन सलग तास उजळणीवर खर्च करू नयेत, ते अशा कामांसाठीच राखावेत.