पांढरीवरून काळीत उतरलेली घरं

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात कुणीही भेटलं की पहिला प्रश्न असतो, "पाणी किती फुटांवर आलं?" पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या पुढे गेली. तेव्हापासून पुरात टिकणाऱ्या, लहान आणि परवडणाऱ्या घरांबद्दल जिल्ह्यात बरंच बोललं जातं. पण बोलणं सिमेंट-सळईपासून सुरू होतं. मला वाटतं ते जागेपासून सुरू व्हावं, कारण आपल्याकडे घराचा इतिहासच तिथून सुरू होतो.

गावच्या जमिनीला आपल्या भाषेत दोन नावं आहेत. पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. पांढरी सहसा उंचवट्यावर असे आणि पिढ्यान् पिढ्या राहून ती आणखी वर येई. खुद्द कोल्हापूरची जुनी वस्ती पंचगंगेच्या अगदी काठावर, पण ब्रह्मपुरीच्या टेकाडावर होती. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकळिया आणि दीक्षित यांनी तिथं उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनकाळातली विटांची घरं सापडली. नदी हवी, पण पायरीखाली, हे शहाणपण इथं किमान दोन हजार वर्षांचं आहे.

त्या पांढरीवरचं जुनं घर आठवून पाहा. काळ्या दगडाचं जोतं, पांढरीच्या मातीच्या किंवा भेंड्यांच्या, म्हणजे कच्च्या विटांच्या, भिंती, पुढं सोपा, आत माजघर, वर माळा आणि कौलं. शाहूवाडी, राधानगरी, आजरा, चंदगडकडं मातीऐवजी जांभा. चांगल्या बांधलेल्या घरात छपराचं ओझं लाकडी खांबांवर आणि तुळयांवर असे, भिंत नुसती आडोसा. पाणी शिरलं तर धान्याची पोती माळ्यावर चढत. भिंत पडली तर तीच माती पुन्हा तुडवून भिंत उभी राही, बाहेरून काही आणावं लागत नसे. आज ज्याला शाश्वत बांधकाम म्हणतात ते हेच. मात्र या घराला डोक्यावर घेऊन चालणार नाही. २०१९ मध्ये पाणी कित्येक दिवस हललंच नाही. मातीच्या भिंती खालून भिजून बसल्या, आणि जिथं खांब नव्हते तिथं भिंतीबरोबर छप्परही खाली आलं.

पुराची सवय असलेल्या या भागाला भूकंपाचा धडा मिळाला तो ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. कोयनेच्या त्या धक्क्यात १८० च्या आसपास माणसं गेली. तोवर दख्खनचं पठार स्थिर मानलं जाई. कोयनेनंतर १९७० मध्ये देशाचा भूकंप-नकाशा नव्यानं काढावा लागला. २००२ च्या सुधारित नकाशात कोल्हापूर तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, क्षेत्रात होतं. पुढं ३० सप्टेंबर १९९३ ला लातूरकडं किल्लारीचा भूकंप झाला. तिथं लोक गेले ते जाड दगडी भिंती आणि धाब्यावरच्या मातीच्या ढिगाखाली. दगड मातीत रचलेले, भिंतीचे आतले आणि बाहेरचे दोन थर एकमेकांना बांधणारा आरपार दगड नाही, कोपरे मोकळे. त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोनं मातीच्या घरांसाठी आणि साध्या दगड-विटांच्या बांधकामासाठी स्वतंत्र मानकं काढली. त्यांचा गाभा कुठल्याही गवंड्याला कळेल असा आहे: जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली काँक्रीटचे किंवा लाकडाचे पट्टे फिरवून घर पेटीसारखं बांधून घ्यायचं.

आता अडचण बघा. पुराला भिंत जड आणि पाण्यात न विरघळणारी हवी, भूकंपाला छप्पर हलकं आणि घर घट्ट बांधलेलं हवं. आपण भूकंपाच्या धास्तीनं माती सोडली, स्लॅब धरला, पण पट्टे विसरलो. आणि जागाही सोडली. गुंठेवारीत, बिगरशेती प्लॉटात घरं पांढरीवरून काळीत उतरली, नदीच्या हक्काच्या रानात. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. नवं पक्कं घर पूर येण्याआधीच तडकतं, त्याचं कारण बऱ्याचदा पायाखाली असतं.

पाटबंधारे खात्यानं निळी आणि लाल पूररेषा आखली ती हे थोपवायला. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. १६ वर्षांत २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर पाहिलेल्या माणसाला हा हिशेब समजावणं सोपं नाही. गाव हलवण्याचा मार्गही जुनाच. १९८९ च्या पुरानंतर नदीकाठच्या प्रयाग चिखली गावच्या लोकांना सोनतळीला जागा मिळाल्या. पण जनावरं, वैरण, ऊस सगळं नदीकडं. माणूस रानापासून किती लांब झोपणार?

म्हणून राहतं ते घर बदलणंच. त्यासाठीचं बरंच ज्ञान तयार आहे. मातीत ५ ते ८ टक्के सिमेंट मिसळून दाबलेल्या विटा पाण्यात विरघळत नाहीत आणि भट्टीचं जळणही वाचतं. लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेल्या पोकळ भिंतीच्या रचनेत विटा सुमारे पाव हिश्शानं कमी लागतात आणि घर थंड राहतं. प्रक्रिया केलेला बांबू छपराला हलका पडतो. जोतं उंच करावंच, पण धोका पातळी आणि महापुराची शीग यांत मोजपट्टीवर १२ फुटांचं अंतर आहे, म्हणजे पुरता एक मजला. तेवढं जोतं कुणाला परवडत नाही. तिथं जुना माळाच परत हवा, चार-पाच माणसं आणि पोती पेलणारा, बाहेरून जिना असलेला, होडी लागेल अशा खिडकीचा.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण आवास योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं धरलं गेलं. केंद्र आणि राज्य मिळून अर्थसाहाय्य सपाट भागाला १ लाख २० हजार, डोंगराळ भागाला १ लाख ३० हजार असं ठरलं. शिरोळ तालुक्यातलं पूरपट्टीतलं गाव सपाट भागातच मोडतं. त्यामुळे ज्या घराला माळा, बाहेरचा जिना आणि उंच जोतं लागतं त्याला, आणि माळरानावरच्या कोरड्या घराला, रक्कम सारखीच.