तुकडा आधी, ऑपरेशन नंतर

'तुकडा तपासायला पाठवलाय' हे वाक्य आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस जीव टांगणीला लावतात, हे खरं. पण स्तनातल्या गाठीच्या बाबतीत हे मधले दिवस बायकांना भांडून मिळवावे लागले.

विसाव्या शतकात बराच काळ अमेरिकेतली रीत अशी होती: बाईला पूर्ण भूल द्यायची, गाठ काढायची, तुकडा तिथल्या तिथे गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. तोवर बाई टेबलावरच. कर्करोग निघाला, तर त्याच भुलीत स्तन काढायचा. अमेरिकन सर्जन हॅल्स्टेड यांच्या पद्धतीत छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथीसुद्धा. संमतीची सही आधीच झालेली. शुद्धीवर आल्यावर पट्टी चाचपून तिला निकाल कळायचा. सप्टेंबर १९७४ मध्ये अध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचंही ऑपरेशन असंच एका दमात झालं. त्याच वर्षी रोझ कुशनर या पत्रकार बाईंनी मात्र ठाम सांगितलं, आधी फक्त बायोप्सी, म्हणजे तुकड्याची तपासणी, करा, पुढचं मी ठरवेन. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या ज्या समितीने १९७९ मध्ये निदान आणि शस्त्रक्रिया वेगवेगळी करण्याची शिफारस केली, तिच्यात त्या होत्या. मला या सगळ्या इतिहासात हीच घटना सर्वांत मोठी वाटते, कुठल्याही यंत्रापेक्षा.

यंत्रांची गोष्ट मात्र जुनी आहे. बर्लिनचे सर्जन आल्बर्ट सालोमोन यांनी ऑपरेशनमध्ये काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांचे एक्स-रे १९१३ मध्ये अभ्यासले. उरुग्वेच्या राउल लेबोर्न यांनी पुढे स्तन दाबून फिल्म घेण्यावर भर दिला आणि कर्करोगाची खूण असू शकणाऱ्या कॅल्शियमच्या बारीक कणांचं महत्त्व ओळखलं. १९६० मध्ये रॉबर्ट ईगन यांनी ह्यूस्टनमध्ये मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनाच्या एक्स-रे तपासणीची, भरवशाची पद्धत बसवली.

इथे नवाच पेच उभा राहिला. फिल्मवर दिसतंय, पण हाताला लागत नाही. मग कापायचं कुठे? आधी बारीक तार रोवून जागा दाखवायची आणि सर्जनने तिच्या मागाने जायचं, हा एक उपाय. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का रुग्णालयात १९७० च्या दशकात दुसरा निघाला. एकाच जागेची दोन तिरकस कोनांतून चित्रं घ्यायची आणि दोन्हींतल्या फरकावरून खोली मोजायची. आपल्या दोन डोळ्यांना अंतर कळतं, तसंच. मग सुई नेमकी तिथे. स्वीडनच्याच लिंडग्रेन यांनी सुई झटक्यात आत सोडणारी स्प्रिंगची बायोप्सी गन आणली, आणि डेन्व्हरच्या स्टीव्ह पार्कर यांनी १९९० च्या सुमारास ती स्तनासाठी रूढ केली.

आज जागेपुरती भूल देतात, खटकन आवाज होतो, आणि दोनेक मिलिमीटर जाडीच्या सुईतून शेवईच्या तुकड्याएवढा धागा बाहेर येतो. संशय कॅल्शियमच्या कणांचा असेल, तर त्या धाग्यांचाच एक्स-रे काढतात. पांढरे ठिपके त्यात दिसले, म्हणजे सुई बरोबर जागी पोचली होती.