कृपादाने आणि आत्म्याचे फळ

माणूस देवाची सेवा कशाच्या बळावर करतो, या प्रश्नाला ख्रिस्ती परंपरेने दिलेल्या उत्तराच्या या दोन बाजू. कृपादाने म्हणजे पवित्र आत्म्याने विश्वासणाऱ्यांना दिलेल्या सेवेच्या क्षमता : उपदेश करणे, शिकवणे, रोग्यांना बरे करणे, कारभार पाहणे, गरजवंताच्या मदतीला धावणे इत्यादी. आत्म्याचे फळ म्हणजे त्याच आत्म्याच्या सहवासात माणसाच्या स्वभावात होणारा पालट. दान एका क्षणीही मिळू शकते. ते ज्याचे त्याचे वेगळे असते आणि कोणाला कोणते द्यायचे हे आत्मा ठरवतो. फळाला काळ लागतो आणि त्याची अपेक्षा सर्वांकडून सारखीच असते. बायबलच्या नव्या करारात या दोहोंची सांगड इतकी घट्ट आहे, की एकाला सोडून दुसऱ्याविषयी बोलू गेल्यास ख्रिस्ती सेवेचा अर्थच निसटतो.

या विचाराचा मुख्य आधार प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला, म्हणजे तेथील ख्रिस्ती समुदायाला, लिहिलेल्या पहिल्या पत्रात, विशेषतः त्याच्या १२ ते १४ या अध्यायांत आहे. रोमनांनी इ. स. पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केलेले हे ग्रीक शहर जूलियस सीझरने इ. स. पू. ४४ मध्ये रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसवले. दोन बाजूंच्या दोन बंदरांमुळे ते व्यापाराने गजबजले होते. इ. स. ५० ते ५२ च्या सुमारास पौल तेथे दीड वर्ष राहिला आणि पुढे इफिसहून त्याने हे पत्र पाठवले. घरोघरी जमणाऱ्या त्या लहानशा मंडळीत तोवर तट पडले होते. भाऊ भावाला न्यायालयात खेचत होता. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या, वेळी सुखवस्तू माणसे आपापले जेवण आधीच उरकत, कोणी पिऊन तर्र होई आणि ज्यांच्याजवळ काही नसे ते उपाशी राहत. तरीही ही मंडळी कोणत्याच कृपादानात उणी नाही, असे पौल पत्राच्या आरंभीच लिहितो. दाने भरपूर आणि वागणूक अशी, ही विसंगती त्या पत्राच्या मुळाशी आहे.

करिंथमध्ये सर्वांत मान होता तो अन्य भाषांत, म्हणजे ऐकणाऱ्याला आणि बहुधा बोलणाऱ्यालाही न समजणाऱ्या भाषेत, प्रार्थना करणाऱ्यांना. पौल त्यांचे दान खोटे ठरवत नाही. आपणही अशा भाषा बोलतो, असे तो सांगतो. पण मंडळीत दहा हजार अगम्य शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द बोलणे त्याला अधिक मोलाचे वाटते. अशा भाषेत दोघा-तिघांनीच, पाळीपाळीने बोलावे, अर्थ सांगणारा नसेल तर गप्प बसावे, असे साधे व्यावहारिक नियम तो घालून देतो. दान कोणासाठी आहे, हा त्याचा खरा प्रश्न आहे, आणि ज्याला ते मिळाले त्याच्यासाठी ते नाही, शेजारी बसलेल्याच्या उभारणीसाठी आहे, हे त्याचे उत्तर आहे. दानांविषयीच्या १२ व्या आणि १४ व्या अध्यायांच्या मधोमध प्रीतीवरचा १३ वा अध्याय येतो. लग्नविधीत हा अध्याय इतक्या वेळा वाचला जातो, की तो मुळात भांडणाऱ्या मंडळीला दिलेली ताकीद आहे, हे विसरायला होते. प्रीती सहनशील आहे, फुगत नाही, स्वार्थ पाहत नाही, हे प्रत्येक वाक्य करिंथकरांच्या एकेका दोषावर बोट ठेवते.

दानांची अंतिम यादी नव्या करारात कोठेच नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पत्रातील पहिल्या यादीत नऊ दाने आहेत. रोमकरांस पत्राच्या १२ व्या अध्यायात सात, आणि त्यांत चमत्काराचे एकही नाही. तेथे सेवा, शिक्षण, बोध, औदार्य, दया यांना स्थान आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात सगळे दोनच शब्दांत आटोपले आहे : बोलणे आणि सेवा करणे. फळाचे वर्णन गलतीकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायात येते : प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन.

दान आणि शील यांची फारकत होऊ शकते, याची जाणीव पवित्र शास्त्रात सर्वत्र आहे. जुन्या करारातील शास्ते या ग्रंथातल्या शमशोनाला अफाट बळ मिळाले, पण स्वतःवर ताबा मिळवता आला नाही. प्रभूच्या नावाने संदेश दिले, भुते काढली, असे म्हणणाऱ्यांनाही ‘माझी तुमची ओळख नव्हती’ असे उत्तर मिळेल, असे येशू मत्तयाच्या शुभवर्तमानात बजावतो. म्हणून सेवक निवडताना कसोटी लावली जाते ती आधी शीलाची. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीच्या अध्यक्षाच्या अंगी काय असावे, याची जी लांबलचक जंत्री आहे, तिच्यात हातोटीचा गुण म्हणावा असा जवळजवळ एकच : शिकवण्यात निपुण असणे. बाकी सगळे नेमस्तपणा, आतिथ्य, पैशाचा लोभ नसणे, घर नीट सांभाळणे यांविषयी आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ मधील प्रसंग तर फार बोलका आहे. यरुशलेमेत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावलले जाई. त्यासाठी सात जण निवडायचे होते, आणि पंगतीची व्यवस्था पाहणाऱ्या या माणसांसाठीही नावलौकिक, आत्मा आणि शहाणपण यांची अट घातली गेली. भाकरी वाटणे हे उपदेशापेक्षा हलके काम मानले असते, तर ही अट कशाला लागली असती?

आरंभीच्या मंडळीतील ‘दिदाखे’ ही छोटी नियमपुस्तिका याच वाटेने जाते. १८७३ मध्ये फिलोथेओस ब्रिएनिओस यांना तिचे हस्तलिखित कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडले. गावोगाव फिरणारा संदेष्टा खरा की खोटा, हे त्याच्या वागण्यावरून ओळखा. तो तीन दिवस मुक्काम ठोकून राहिला किंवा स्वतःसाठी पैसे मागू लागला तर खोटा समजा, असे तिच्यात स्पष्ट म्हटले आहे. प्रार्थनेने रोग बरे करण्यासाठी भरवल्या जाणाऱ्या आजच्या आरोग्यसभांच्या आयोजकांनी हे नियम वाचावेत.

पुढील काळात परंपरा वेगवेगळ्या वाटांनी गेल्या. कॅथलिक धर्मशिक्षणात जुन्या करारातील यशया या ग्रंथाच्या ११ व्या अध्यायाच्या आधारे पवित्र आत्म्याची सात दाने शिकवली जातात आणि ती दृढीकरण संस्काराशी, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करणाऱ्या विधीशी, जोडली जातात. प्रोटेस्टंट पंथांतील एका मोठ्या प्रवाहाने चमत्कारिक दाने प्रेषितांच्या काळाबरोबर संपली असे मानले. १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझूसा रस्त्यावर विल्यम सेमूर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सभांतून आत्म्याच्या दानांवर, विशेषतः अन्य भाषांवर भर देणारी पेंटेकॉस्टल चळवळ जगभर पसरली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये साध्या विश्वासणाऱ्यांच्या कृपादानांनाही अधिकृत मान्यता दिली.

या साऱ्या इतिहासात महाराष्ट्राचे एक ठळक पान आहे, आणि ते अझूसाच्या आधीचे आहे. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे उभारलेल्या मुक्तिसदनात १८९६-९७ च्या आणि त्यानंतर १९०० च्या दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली व विधवा राहत होत्या. जानेवारी १९०५ पासून तेथे रोजच्या प्रार्थनेला जमणाऱ्यांची संख्या वाढत गेली आणि जूनच्या अखेरीस मोठी आत्मिक जागृती झाली. पापांची कबुली, रडणे, तासन्‌तास प्रार्थना, आणि पुढे अन्य भाषांत बोलणेही. सदनातील अमेरिकन सहकारी मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये त्यावर लिहिलेली पुस्तिका चिलीतील वाल्पाराइसोपर्यंत पोचली आणि तेथील मेथडिस्ट मंडळीत नवी चळवळ उभी राहण्यास कारण झाली.

रमाबाईंची भूमिका या ठिकाणी लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांनी मुलींना आवरले नाही, टीकाकारांपुढे त्यांची बाजू घेतली. मात्र अन्य भाषा हीच आत्म्याच्या बाप्तिस्म्याची, म्हणजे पवित्र आत्म्याने भरून जाण्याची, एकमेव आवश्यक खूण आहे, हे मत त्यांनी मानले नाही; ती खूण प्रीती आहे, इतर दाने टाकून देऊ नयेत पण प्रीतीशी त्यांची बरोबरी करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. पौलानंतर इतक्या नेमकेपणाने हे कोणी क्वचितच मांडले असेल. केडगावचा दिनक्रमही तेच सांगत होता. प्रार्थना आटोपल्यावर मुली शेतावर, मागावर, दुभत्यात, छापखान्यात जात. अंध स्त्रियांसाठी बार्तीमी सदन होते, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, म्हाताऱ्या आणि अपंगांसाठी प्रीतिसदन. रमाबाईंचे स्वतःचे दान विद्येचे. आईवडिलांकडून मिळालेल्या संस्कृतच्या पायावर त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले, ते सदनाच्याच छापखान्यात छापले गेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) काव्याचे दान असेच मंडळीच्या हवाली केले. त्यांची भजने मराठी चर्चमध्ये आजही टाळ-पेटीवर म्हटली जातात. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ स्थापन केला. बरे करण्याच्या दानाकडे पाहण्याची दुसरी दृष्टी मिरजेत दिसते : डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तेथे सुरू केलेल्या इस्पितळात प्रार्थना आणि शस्त्रक्रिया यांत विरोध मानला गेला नाही.

आपले दान कोणते, हे ओळखण्यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत प्रश्नावल्या तयार झाल्या आणि आता त्या आपल्याकडील तरुणसंघांच्या शिबिरांतही भरून घेतल्या जातात. त्यांचा उपयोग मर्यादित आहे. दानाची ओळख मुख्यतः काम करता करता पटते आणि ती स्वतःपेक्षा मंडळीला आधी पटते. संडे स्कूलचा वर्ग घेणारी, आजाऱ्याच्या घरी न बोलावता जाणारी, अर्पणाचा हिशेब चोख ठेवणारी माणसे बहुतेक मंडळींत असतात. करिंथकरांस पत्रातील दुसऱ्या यादीत साहाय्य करणारे आणि व्यवस्था पाहणारे यांची नावे अन्य भाषा बोलणाऱ्यांच्या आधी आली आहेत.