काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये दडलेले रंग

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या जुन्या पुण्याच्या रंगीत चित्रफिती फिरत असतात. लक्ष्मी रोड, डेक्कन, टांगे. मूळ चित्रण कृष्णधवल, आता एआयने रंगवलेलं. खाली हमखास कोणीतरी लिहितं, "तेव्हाचे खरे रंग परत आणले!" हे साफ चूक आहे. टांगेवाल्याचा फेटा लाल दिसतो, पण तो लाल होता याचा कसलाही पुरावा त्या फिल्ममध्ये नाही. करड्याची एकच छटा लाल कापडाची असू शकते, हिरव्याची किंवा निळ्याचीही. यंत्राने असंख्य रंगीत चित्रं पाहून अंदाज बांधला आहे. तो छान दिसतो, म्हणून तो इतिहास होत नाही.

काळ्या-पांढऱ्या फिल्ममधून खरेखुरे रंग मोजून काढल्याचं उदाहरण मात्र आहे, आणि ते माझ्या सर्वांत लाडक्या मालिकेचं आहे. 'डॉक्टर हू' बीबीसीवर सुरू झाली २३ नोव्हेंबर १९६३ला. पोलिसांच्या निळ्या खोक्यात बसून काळातून फिरणारा एक परग्रहवासी, मालिका करणाऱ्यांच्या हातात पैसा बेताचा, आणि कल्पनेला मात्र तोटा नाही. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा. १९७० पासून मालिका रंगीत झाली. पण त्या काळी व्हिडिओ टेप महाग, त्यामुळे बीबीसी जुने भाग पुसून तीच टेप पुन्हा वापरायची. परदेशात विकायला १६ मिलिमीटरच्या कृष्णधवल फिल्मवर प्रती काढलेल्या असत. टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून. कित्येक रंगीत भागांच्या अशा बिनरंगी प्रतीच तेवढ्या उरल्या.

आता थोडं सिंहगडाकडे वळू. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं, तरी पुण्यातल्या बहुतेक घरांत सेट ब्लॅक अँड व्हाइटच होते. गडावरच्या मनोऱ्यावरून येणारा रंगीत कार्यक्रम त्यांवर नीट दिसायचा, पण कधीकधी भडक साडीच्या काठाशी बारीक ठिपक्यांची जाळी सरकताना दिसे. मुंग्या वेगळ्या, ही जाळी वेगळी. रंगीत सेटवर उलटा प्रकार व्हायचा: निवेदकाच्या बारीक चौकड्यांच्या शर्टावर इंद्रधनुष्यासारखे पट्टे थरथरायचे. दोन्हींचं कारण एकच आहे.

पॅल म्हणजे रंगीत टीव्हीचं चित्र पाठवण्याची दूरदर्शन आणि बीबीसी दोघांनी वापरलेली पद्धत. तिच्यात चित्र ६२५ ओळींचं आणि सेकंदाला २५ चित्रं. ओळीवर कुठे किती उजेड, हे सिग्नलच्या उंचीवरून ठरतं. रंग पाठवायला वेगळी जागा नव्हती, म्हणून त्याच सिग्नलवर ४.४३ मेगाहर्ट्झची एक बारीक लहर बसवली. लहर जितकी उंच तितका रंग गडद. लहर किती पुढे-मागे सरकली आहे, म्हणजे तिचा फेज काय, यावरून रंग कोणता ते कळतं. रंगीत सेट ही लहर वेगळी काढतो. साध्या सेटने ती गाळली नाही, तर तिलाही तो उजेडच समजतो आणि पडद्यावर ठिपके उमटतात. शर्टाच्या चौकड्या नेमक्या त्याच वारंवारतेच्या पडल्या, तर रंगीत सेट त्यांना रंग समजतो.

फिल्मच्या प्रती काढताना हेच झालं. लहर गाळणारा फिल्टर बऱ्याचदा लावलेला नसे, आणि ठिपके फिल्मवर छापले गेले. बीबीसीतल्या जेम्स इन्सेल यांनी ओळखलं, की हे ठिपके म्हणजे रंगाची माहितीच आहे. रिचर्ड रसेल यांनी ती वाचणारा प्रोग्रॅम लिहिला.

यात अडचण फार मोठी होती. ओळीचा दिसणारा भाग ५२ मायक्रोसेकंदांचा, त्यात लहरीची सुमारे २३० आवर्तनं. फिल्मवरचं चित्र जेमतेम १० मिलिमीटर रुंद, म्हणजे एका आवर्तनाला साधारण ४५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). चित्र ११ मायक्रॉन सरकलं, की फेज ९० अंशांनी चुकतो आणि लाल कोट पोपटी नाहीतर जांभळा होतो. फिल्म तर आकसते, कॅमेऱ्यात डुलते, आणि जुन्या टीव्हीचा पडदाही फुगीर. त्यात भर म्हणजे फेज मोजायचा कशापासून, हे सांगणारी सुमारे १० आवर्तनांची खूण प्रत्येक ओळीच्या आधी येते, पडद्याबाहेर. ती फिल्मवर नाहीच.

सुटका झाली ती पॅलच्याच एका गुणामुळे, आणि मला हा भाग विलक्षण सुंदर वाटतो. पॅलमध्ये रंगाच्या दोन घटकांपैकी एक घटक ओळीआड उलटा करून पाठवतात. त्यामुळे रंगाचा कोन एका ओळीत फेज पुढे ढकलतो, तर पुढच्या ओळीत मागे. फिल्म सरकल्याने आलेली चूक मात्र लागोपाठच्या ओळींत एकाच दिशेने असते. दोन ओळींची वजाबाकी केली, की चूक गळते आणि रंगाचा कोन हाती येतो. पूर्ण नाही, रंगचक्राच्या चार चतकोरांपैकी कुठला खरा, एवढा प्रश्न उरतो. तो आजूबाजूच्या भागाशी ताडून, प्रसंगी माणसाने लक्ष घालून सोडवायचा.

या रीतीने रंग मिळालेला पहिला कार्यक्रम दुसराच होता, बीबीसीच्याच 'डॅड्स आर्मी' या विनोदी मालिकेचा एक भाग, डिसेंबर २००८ मध्ये दाखवलेला. मग 'डॉक्टर हू'चे भाग आले. १९७१च्या 'द माइंड ऑफ ईव्हिल' कथेचे दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे भाग ठिपक्यांवरून रंगीत झाले. पहिल्या भागाच्या प्रतीवर ठिपकेच नव्हते, तो हाताने रंगवावा लागला. २०१३च्या डीव्हीडीवर दोन्ही आहेत, एकापाठोपाठ एक बघाच.

म्हणजे प्रभातच्या कृष्णधवल चित्रपटांतूनही रंग काढता येतील का? नाही. त्या कॅमेऱ्यात रंग नोंदलाच गेला नव्हता. पण जुनी फिल्म डिजिटल करताना 'खरखर' म्हणून बारीक खुणा आधीच पुसून टाकू नयेत, हे यातून पक्कं कळतं. ठिपके साफ केले असते, तर हे सारं गेलं असतं.

या मालिकेला चाहत्यांनीही वाचवलं आहे. चित्र हरवलेल्या सगळ्या भागांचा आवाज आज आहे, कारण तेव्हा घराघरांत टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून बसलेले लोक होते. १९९२ मध्ये 'द डीमन्स' ही कथा रंगीत झाली, ती अमेरिकेतल्या एका चाहत्याने घरी रेकॉर्ड केलेल्या कॅसेटमधला रंग बीबीसीच्या कृष्णधवल फिल्मवर चढवून. तुमच्या माळ्यावर ऐंशीच्या दशकातल्या दूरदर्शनच्या व्हिडिओ कॅसेट असतील तर भंगारात देऊ नका. पुण्याच्या पावसाळ्यात टेपला पांढरी बुरशी धरते. ती दिसली तर 'चालते का बघू' म्हणून व्हीसीआरमध्ये घालू नका, टेपही जाईल आणि हेडही. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या, मगच डिजिटल प्रत काढा.